मांजरीची संमती

फॉर्मवर सहा रकाने होते. प्राण्याचा प्रकार, नर की मादी, अंदाजे वय, प्राण्याचं नाव, मालकाचं नाव, मालकाची सही. पहिले तीन पटापट भरले. नावाच्या रकान्यात ‘बाई’ लिहिलं, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे तेच म्हणायचे. काउंटरवरची मुलगी हसली. ‘मालक’ या शब्दापाशी मात्र पेन अडलं. ती माझी नव्हती. चार वर्षं ती आमच्या मीटरबॉक्सवर झोपत होती, तळमजल्यावरच्या काकूंच्या दारात जेवत होती आणि लहर लागली तर माझ्या पायाला अंग घासत होती. एवढ्यावरून मालकी कशी सांगणार? पण रकाना रिकामा ठेवून चालणार नव्हतं. मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. सहीच्या वर बारीक अक्षरांत छापलं होतं की भूल देण्यातले धोके मला समजले आहेत आणि या शस्त्रक्रियेला माझी संमती आहे.

संमती माझी. पोट तिचं.

मी समोरच्या टपरीवर चहा घेत उभी होते तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. भूल दिल्यावर त्यांनी पोट नीट चाचपलं होतं. त्याआधी बाईनं कुणाला हात लावू दिलाच नव्हता. ‘ही प्रेग्नंट आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पाचएक आठवडे झाले असावेत. तीन किंवा चार आहेत. तुम्हाला माहीत होतं का?’

मी ‘नाही’ म्हटलं.

‘अजून कापलेलं नाही. थांबायचं असेल तर आत्ता थांबता येईल, ती शुद्धीवर येईल, तुम्ही घेऊन जा. पुढे जायचं तर गर्भाशयासकट सगळं काढावं लागेल. पिल्लं राहणार नाहीत. तुम्ही सांगाल तसं. पण लवकर सांगा, भूल चालू आहे.’

मी साधारण दोन मिनिटं गप्प होते. फोनच्या नोंदीत तो कॉल तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे, मी नंतर पाहिलं. मग मी म्हटलं, ‘करा.’

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. बाई ठणठणीत आहे. हे लिहिते आहे तेव्हा ती फ्रिजवर बसून खिडकीबाहेरच्या कबुतराकडे बघत दात वाजवते आहे. ज्या ज्या मित्रमैत्रिणींना मी हे सांगितलं, त्यांतल्या जवळपास सगळ्यांनी ‘बरोबर केलंस’ म्हटलं. एकीनं तर ‘यात प्रश्न काय आहे?’ असं विचारलं. प्रश्न काय आहे, तेच मी इथे शोधते आहे. तुम्हीही भटक्या मांजरीला घरात घेतलं असेल किंवा घेण्याच्या विचारात असाल, तर कदाचित तुम्हालाही तो कधीतरी भेटेल.

आधी परिस्थिती सांगते. आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला होती. चार मजली, लिफ्ट नाही, चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुनी. मुलुंडमध्ये अशा जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे करण्याचं काम कित्येक वर्षं चालू आहे आणि आमची पाळी आली होती. ३१ मार्चपर्यंत घरं रिकामी करायची होती. बिल्डर भाडं देणार, आपण तीन-चार वर्षं कुठेतरी राहायचं आणि मग नव्या घरात यायचं. या हिशेबात माणसांची यादी होती, पार्किंगची यादी होती, अगदी देवळीतल्या गणपतीचं काय करायचं यावरही मीटिंग झाली. मांजरीचा विषय कुणी काढला नाही. काढणार तरी काय म्हणून? ती सभासद नव्हती.

एकेक घर रिकामं व्हायला लागलं तशी बाई बिथरली. टेम्पो आला की ती मीटरबॉक्सवरून उतरून गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. मांजर माणसाला धरत नाही, जागेला धरते असं म्हणतात. ते मला तेव्हा पटलं. तिची जागा तिच्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये भरली जात होती.

काकू १० मार्चला बदलापूरला मुलाकडे गेल्या. त्यांच्या सुनेला दमा आहे, त्यामुळे मांजर नेणं शक्यच नव्हतं. निघताना त्यांनी मला हाक मारली. हातात मांदेली उकडायचं एक जुनं पातेलं दिलं. ‘तू घेशील ना गं तिला?’ मी ‘हो’ म्हटलं. माझ्या आईनं आतून ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

नवं घर भांडुपला, सातव्या मजल्यावर. ॲग्रीमेंटमध्ये पाळीव प्राणी चालणार नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं. एजंट म्हणाला, ‘एक मांजर असेल तर ठेवा, मालकांना बोलू नका.’ म्हणजे बाई त्या घरात चोरून राहणार होती. एक मांजर चोरून राहू शकते. पाच राहू शकत नाहीत.

तर मी ‘करा’ म्हटलं त्यामागे हे सगळं होतं. शिवाय आकडे होते. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांचे असतात. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला पिल्लं होऊ शकतात आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन वेळा, दर वेळी तीन-चार. त्यातली किती जगतात? आमच्याच बिल्डिंगमध्ये बाईच्या आधीच्या वितांमधली मी पाहिलेली बहुतेक पिल्लं गेली. काही बोक्यानं मारली, दोन गाडीखाली गेली, एक पावसात भिजून. एक आठ दिवसांच्या उलट्या-जुलाबांनी गेलं, ते काकूंच्या मांडीवर. त्या वेळी काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या. ज्यांना मांजरींविषयी खरोखर कळकळ आहे ते सगळे नसबंदीच्या बाजूचे असतात, ते उगाच नाही. त्यांनी ही मरणं मोजलेली असतात.

आकड्यांचा हा युक्तिवाद भक्कम आहे. मी त्याच्या विरोधात नाही. उद्या दुसरी मांजर आली तर तिचंही ऑपरेशन करीन. तरीही तो पूर्ण मांडून झाला की मला अस्वस्थ वाटतं आणि त्याचं एक कारण इतिहासात आहे. ‘यांची फार पिल्लं होतात, ती नीट जगत नाहीत, यांना कळत नाही, म्हणून त्यांच्या भल्यासाठी आपणच ठरवू’ हे वाक्य या देशात माणसांबद्दलही बोललं गेलं आहे. आणीबाणीत नसबंदीच्या मोहिमा चालल्या तेव्हा कोटे ठरवून दिले होते आणि कागदावर संमती तिथेही घेतली जात होती. योगायोग असा की प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगणं हे नागरिकांचं मूलभूत कर्तव्य आहे असं सांगणारं आपल्या संविधानातलं कलम, ५१ अ (ग), हे १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीनं आलं. म्हणजे त्याच काळात. एका हातानं प्राण्यांविषयी दया लिहिली जात होती तेव्हा दुसरा हात काय करत होता, हे आठवलं की ‘भल्यासाठी’ हा शब्द मी जरा जपून वापरते.

कुणी म्हणेल, माणूस आणि मांजर यांची तुलनाच चुकीची आहे. अर्थात चुकीची आहे. माणसाला विचारता येत होतं आणि तरी विचारलं नाही, हा तिथला गुन्हा. बाईला विचारताच येत नाही. पण विचारता येत नाही म्हणून उत्तर ‘हो’ असतं, असं कुठे आहे?

‘संमती’ या शब्दाचा मी बराच पाठलाग केला. आपल्याकडे तत्त्वज्ञानात मांजर फार जुनी आहे. शरणागती कशी असावी यावर श्रीवैष्णवांमध्ये वाद झाला आणि त्यातून दोन दृष्टांत पुढे आले, मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं. म्हणजे भक्तानंही काही धडपड करायला हवी. हे उत्तरेकडच्या, वडगलै परंपरेचं म्हणणं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आई त्याला मानगुटीला धरून उचलते आणि हवं तिथे नेऊन ठेवते. तसा देव भक्ताला उचलतो, भक्तानं फक्त स्वतःला सोडून द्यायचं. हे तेंगलै परंपरेचं. मला हा दृष्टांत कॉलेजात वाचल्यापासून आवडायचा. त्यात एक आराम आहे.

दवाखान्यात डॉक्टरांच्या मदतनीसानं बाईला मानगुटीला धरलं तेव्हा ती एकदम ढिली पडली. पाय आखडले, शेपूट पोटाशी गेली, ओरडणं थांबलं. ‘बघा, शांत झाली,’ तो म्हणाला. ती शांत झाली नव्हती. मानगुटीला चिमटा बसला की मांजरीचं शरीर आपोआप निपचित होतं. लहानपणी आईनं उचललं की धडपड करू नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे. डोळे मात्र पूर्ण उघडे होते, बुबुळं मोठी झालेली. त्या दिवसापासून मार्जारन्याय मला नुसता देवाच्या बाजूनं वाचता येत नाही. मानगूट कुणाच्या हातात आहे, यावर सगळं अवलंबून आहे. पिल्लाला उचलणारी त्याची आई असते. मी बाईची कोण?

हाच प्रश्न पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते वेगळ्या तऱ्हेनं विचारतात. बेंथॅमनं १७८९ साली छापलेल्या ग्रंथाच्या एका तळटीपेत म्हटलं की प्राण्याला विचार करता येतो का, बोलता येतं का, हे विचारूच नका. त्याला दुखतं का ते विचारा. त्या एका तळटीपेवर पुढे प्राणिहक्कांची आख्खी चळवळ उभी राहिली. पण माझी अडचण बेंथॅम सोडवत नाही. बाईला दुखलं नाही. भूल होती, वेदनाशामक होतं, टाके दहा दिवसांत सुकले. पाच आठवड्यांच्या गर्भाला दुखतं का, हा प्रश्न मी डॉक्टरांना नंतर विचारला आणि त्यांनी सांगितलं की आई खोल भुलीत असते तेव्हा तीच भूल त्यांनाही पोचते. दुखण्याच्या हिशेबात मी निर्दोष सुटते. मग अजून काय उरतं?

कांट प्राण्यांच्या बाबतीत फारसा लोकप्रिय नाही. प्राण्यांप्रती आपलं थेट कर्तव्य काहीच नाही, असं तो नीतिशास्त्राच्या व्याख्यानांत सांगायचा. प्राण्याशी क्रूर वागणारा माणूस पुढे माणसांशीही क्रूर वागेल, म्हणून क्रौर्य टाळायचं. हे ऐकायला कोरडं आहे. पण त्याच व्याख्यानात तो लाइब्निट्सची एक गोष्ट सांगतो. लाइब्निट्सनं एक बारीक किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि पाहून झाल्यावर तो पानासकट परत झाडावर नेऊन ठेवला. विनाकारण त्याचं नुकसान व्हायला नको म्हणून.

मला ही गोष्ट फार लागली, ती वेगळ्या कारणानं. लाइब्निट्सकडे परत ठेवायला झाड होतं. तुम्ही कुठल्या जिवाच्या आयुष्यात हात घातलात आणि काम झाल्यावर तो जिथून उचलला तिथे परत ठेवता आला, तर गोष्ट तिथेच संपते. बाईला परत कुठे ठेवणार? आमच्या बिल्डिंगच्या जागी आता चारी बाजूंनी निळे पत्रे आहेत आणि आत खड्डा.

क्लेअर पामर यांचं ‘ॲनिमल एथिक्स इन कॉन्टेक्स्ट’ (२०१०) या वाटेवर मला खूप उपयोगी पडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कुठल्याही प्राण्याला विनाकारण इजा करू नये हे सगळ्यांनाच लागू आहे, पण मदत करायला आपण बांधील असतो ते नात्यामुळे. जंगलात उपाशी मरणाऱ्या हरणाला खायला घालणं आपलं कर्तव्य नाही. पण ज्याला आपण आपल्यावर अवलंबून केलं, ज्याची जागा आपण हिरावली, त्याचं देणं आपल्यावर लागतं. याच्या पुढच्या वर्षी आलेल्या ‘झूपोलिस’मध्ये स्यू डोनाल्डसन आणि विल किमलिका प्राण्यांचे राजकीय वर्ग करतात. पाळीव प्राणी म्हणजे आपल्यासोबतचे नागरिक, रानटी प्राणी म्हणजे जणू स्वतंत्र राष्ट्रं, आणि मध्ये उंदीर, खारी, कबुतरं यांच्यासारखे, आपल्यात राहणारे पण आपले नसलेले. बाई यातली कोण होती? जात पाळीव, जगणं मधलं, आणि फॉर्मवर सही झाल्यावर नागरिक. ते नागरिकत्वही तिला न विचारता.

मांजरीची सगळी जातच या मधल्या जागेतून आली आहे. कुत्रा आणि गाय यांना माणसानं माणसाळवलं. मांजर स्वतःच आली. शेतीच्या सुरुवातीच्या काळात पश्चिम आशियात धान्याची कोठारं भरली, उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरं आली आणि राहिली. सायप्रसला साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेली आहे. सायप्रस बेट आहे आणि तिथे मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी ती होडीतून नेली. आली ती आपल्या पायांनी, पण होडीत बसवलं माणसानं. मला वाटतं तेव्हापासून हे असंच चालू आहे.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

डॉक्टरांनी ‘तुम्हाला माहीत होतं का?’ असं विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हटलं, हे वर आलंच आहे. ते खोटं होतं. काकूंनी निघताना पातेलं हातात देऊन ‘तू घेशील ना गं तिला?’ विचारलं, त्याच्या पुढचं वाक्य मी वर गाळलं. त्या म्हणाल्या होत्या, ‘तिला दिवस गेलेत बहुतेक. जरा बघ.’

‘दिवस गेलेत.’ मराठीत जनावरांसाठी गाभण म्हणतात, बाईमाणसासाठी गरोदर. मांजर व्याते, बाई बाळंत होते. या भिंती आपल्या भाषेत पक्क्या आहेत. काकूंनी ती भिंत सहज ओलांडली होती, कदाचित नकळत. आणि मी ते वाक्य ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. ‘बहुतेक’ हा शब्द मी घट्ट धरला. बहुतेक म्हणजे नक्की नाही. चारच दिवसांनी मी तिला सुकटीचं आमिष दाखवून बास्केटमध्ये घातलं. चार वर्षं जवळ येऊ न देणारी बाई त्या हाताला भुलून आत गेली आणि मी खटका लावला. तेव्हा मला माहीत होतं. नक्की नाही, पण माहीत होतं. दवाखान्यात आधी सांगितलं असतं तर डॉक्टरांनी आधीच तपासलं असतं आणि मला घरी बसून, आईशी बोलून, चार जणांना पिल्लं घेणार का विचारून ठरवता आलं असतं. उत्तर कदाचित तेच आलं असतं. मला नेमकं ते विचारणंच टाळायचं होतं. निर्णय माझ्यावर येऊन पडावा, दोन मिनिटांत घ्यावा लागावा, अशी सोय मी स्वतःच केली होती. ज्या निर्णयाला वेळच मिळाला नाही, त्याचा जाब कुणी विचारत नाही.

म्हणून ‘बरोबर केलंस’ हे मला अपुरं वाटतं. काय केलं ते बरोबर असेलही. कसं केलं त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण समोर मांजर आहे. माणसाच्या बाबतीत निकाल बरोबर लागला तरी पद्धत चुकली तर आपण ती चूक मानतो. मांजरीच्या बाबतीत निकालापाशीच थांबतो. विचारता येत नाही अशा जिवाबाबत निदान स्वतःला नीट विचारणं, हे त्याला विचारण्याच्या जवळात जवळचं असतं. तेवढंही मी केलं नाही.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, पण तुझ्याजागी मीही तेच केलं असतं.’ मग थोड्या वेळानं, भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘पण मी रडले असते.’

मी रडले नव्हते. मी बाईच्या वागण्यात काहीतरी शोधत होते. ती पिल्लांना शोधेल, कोपरे हुंगेल, माझ्यावर फिसकारेल, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी इच्छा होती. ती घरी आली, गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या कॉलरसकट कपाटावर आपटली, दुसऱ्या दिवशी जेवली आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पायांवर झोपली. तिच्याकडून मला शिक्षाही मिळाली नाही आणि माफीही. तिच्याकडे त्या गोष्टी नसाव्यात. किंवा असतील आणि मला वाचता येत नसतील. माँतेन सोळाव्या शतकात आपल्या मांजरीशी खेळताना स्वतःवरच शंका घेत होता, की मी हिच्याशी वेळ घालवतो आहे की ही माझ्याशी. पाचशे वर्षांत त्या प्रश्नात आपण फार पुढे गेलो आहोत असं नाही.

मधेच मांदेलीचं सांगायला हवं. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आईनं आयुष्यात खाल्लेले नाहीत. मांजरीचं मात्र मांसाशिवाय चालत नाही. टॉरिन नावाचा घटक तिचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-माशांतूनच यावा लागतो, नाहीतर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. आईनं पहिल्या आठवड्यात दूधपोळी देऊन पाहिली आणि बाईला जुलाब झाले. बहुतेक मोठ्या मांजरींना दूध पचत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता नुसती मांदेली नको म्हणून डॉक्टरांनी कॅटफूड लिहून दिलं आहे, पण रोज संध्याकाळी पाच-सहा मांदेल्या उकडल्या जातात, काकूंच्या पातेल्यात, बाल्कनीतल्या वेगळ्या शेगडीवर. आईच उकडते, नाकाला पदर लावून. पाच धरल्या तरी वर्षाला अठराशेच्या वर जीव. एका जिवावर दया केली त्याची ही किंमत, आणि ती मांदेल्या भरतात. आईला मी एकदा हे गणित सांगितलं. ती म्हणाली, ‘ती खाते, मी नाही खात.’ हे उत्तर पुरेसं आहे की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. चातुर्मासात ती शेगडी माझ्याकडे येते.

भांडुपच्या घरात खिडक्यांना जाळ्या लावल्या आहेत, मालकांना कबुतरांसाठी म्हणून सांगितलं. सातव्या मजल्यावरून मांजर पडली तर काय होईल ते सांगायला नको. बाई सुरक्षित आहे. बोका नाही, गाडी नाही, कुत्री नाहीत, आजार कमी. घरात राहणाऱ्या मांजरी बाहेर फिरणाऱ्यांपेक्षा सहसा जास्त जगतात. पण रोज पहाटे पाचला ती दाराशी जाऊन बसते. ओरडत नाही. दाराच्या फटीला नाक लावून बसते, अर्धा तास, कधी जास्त. जुन्या बिल्डिंगमध्ये ती पहाटे फेरी मारायची ती वेळ. मग उठून येते आणि माझ्या उशीवर चढते.

मला ते रोज पाहायला लागतं आणि रोज मी दार उघडत नाही. फॉर्मवरची सही एकदा झाली. ही रोज होते. एकदा कुरिअरवाला आला तेव्हा दार अर्धवट राहिलं आणि ती निसटली. मी अनवाणी जिने उतरत गेले. ती पाचव्या मजल्यावरच्या पायरीवर बसलेली सापडली, खालीही नाही, वरही नाही. मला पाहून पळाली नाही. मी उचललं तेव्हा ढिली पडली नाही, पंजानं माझा शर्ट धरला. याला संमती म्हणायचा मोह मला झाला होता. पण अनोळखी जिन्यात घाबरलेलं कुणीही जे ओळखीचं आहे ते धरतं, आणि तिला ओळखीचं दुसरं काही मी उरू दिलेलं नाही.

कायद्याचं विचाराल तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून जाणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. आमच्या सोसायटीनं बाईला तिथेच ठेवलं असतं तरी एवढासुद्धा दंड कुणाला झाला नसता, कारण ती कुणाचीच नव्हती. सोडून जायला आधी धरलेलं असावं लागतं. म्हणून ‘मालक’च्या रकान्यात नाव लिहिल्याचा मला पस्तावा नाही. निदान आता तिच्या बाबतीत चुकलं तर चुकलेलं एक नाव तरी आहे.

काकूंचा महिन्यातून एकदा फोन येतो. सून, नातू, बदलापूरचं पाणी, गुडघे, आणि मग बाई. पहिल्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, ‘व्याली का गं?’ मी म्हटलं, ‘नाही काकू, तसं काही नव्हतंच. तुम्हाला वाटलं असेल.’ पलीकडे जरा शांतता होती. मग त्या म्हणाल्या, ‘असेल बाई. डोळे गेले आता माझे.’ जी बाई एका पिल्लासाठी दोन दिवस उपाशी राहिली होती, तिच्या नजरेला मी खोटं ठरवलं. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं त्या सांगायच्या. परवा फोनवर म्हणाल्या, ‘तुझं घर तिला मानवलं म्हणायचं, नाहीतर हलली असती.’

येत्या रविवारी त्या येणार आहेत, बाईला बघायला. लोकलनं एकट्या येते म्हणाल्या, मीच स्टेशनवर घ्यायला जाणार आहे. बाजारातून मांदेली घेऊन ये म्हणून सांगितलंय, साफ त्या स्वतः करणार आहेत. बाईला त्या मांडीवर घेतील तेव्हा पोटावरच्या टाक्यांची रेघ त्यांच्या हाताला लागेल. तिथे केस अजून जरा विरळच आहेत. स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षानं दहा मिनिटं लागतात. सांगायचं तर तेवढ्यात सांगावं लागेल.